चि. ... यास

कुंभात तपोवनाच्या गेटावर
अकरा अकरा तास मी हे यंत्र धरून उभी असायचे.
चिमटे, त्रिशूळ, कमंडलू, कमरेच्या साखळ्या,
ज्याच्यावर फिरवावं तो ठणठणायचा.
आम्ही म्हणायचो, जाऊ द्या महाराज, पुढे चला.
मेळा उठला. यंत्र भंगारात आलं.
भद्रकालीत दोनशेला मिळालं, मूठ तुटलेली.
सेल माझे.

आवर्तन बंद झालं, गंगा आटली
की टाकळीच्या संगमाखाली गाळात उतरते.
म्हशी बघतात.
खिळे, बिल्ले, दहा पैशांची कातरलेली फुलं,
नवसाचे डोळे, चांदीचे म्हणून विकलेले,
निघाले पत्र्याचे.
वीतभर खोलीपलीकडचं याला ऐकू येत नाही.
मलाही डाव्या कानाने कमीच.

तर एका मंगळवारी ते बारीक, लांब बोललं.
हाताने उकरलं.
काळं. तळहातात मावणारं.
एका अंगाला चोच, दुसऱ्या अंगाला फुगीर,
वरचं तोंड चेपून मिटलेलं.

पानवाला दगू म्हणाला, चुनाळं.
गायधनी सरांनी चष्मा कपाळावर नेला, म्हणाले, पेशवाई.
ते माझ्या पाणी तापवायच्या बंबालाही पेशवाई म्हणाले होते.
भाऊ म्हणाला, जुन्या मोटारसायकलचा पार्ट असेल,
आणि पुन्हा जेवायला लागला.

विसपुते सराफांनी काट्यावर टाकलं.
एकतीस ग्रॅम. कसोटीवर घासलं, आम्ल सोडलं.
चांदी आहे, तुंच कमी.
पण आहे काय हे?
मोड, म्हणाले.
मोडच आहे हो, मोडायच्या आधी काय होतं?
त्यांनी काटा पुसला.

पायरीखाली गटाराशी जैतुनबी बसली होती.
झारेकरीण. पहाटेपासून पाटीत सराफ बाजाराची धूळ धूत,
कानशीतून उडालेली कणभर चांदी वेचत.
तिने ते घेतलं, बघितलं नाही.
ओल्या अंगठ्याने चोच चाचपली, नुसती चोच,
आणि हसली.
बोंडलं आहे गं.
हे बघ, दात. वर दोन, खाली दोन.
पोरगं पीत नव्हतं, चावत होतं.

मी बोट लावलं.
मोहरीएवढे चार खड्डे.

मग तिने ते उन्हात तिरपं धरलं.
पोटावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, भांड्यांवर टोचतात तशी:
चि.
पुढे वाळूने घासून गुळगुळीत.
मग, यास.
खाली, आत्याकडून.

म्हणजे जिने पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं,
पाठीवर बायकांच्या बुक्क्या खात कुर्र केलं,
तिनेच ते इथे टोचून घेतलं होतं,
आणि गंगेने नेमकं तेवढंच नेलं.
मीही आत्या आहे. तीन कानांत नाव सांगितलंय.
एकाने पुढे कोर्टात जाऊन ते बदललं.

दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडाला तेव्हा वाहून आलं,
की कुणी ओंजळीतून सोडलं?
तोंड दगडांनी मिटवलं की टाचेखाली?
विचारलं मी.
जैतुनबीने पाटी हलवली. गढूळ पाणी काठावरून सांडलं.
चिंच लावू नको, म्हणाली.
राखही नको. चमकेल,
पण उरलंय तेही जाईल.

विकलं नाही. काळंच ठेवलंय, फडताळात, सेलांच्या डब्याशेजारी.
भाऊ विचारतो, किती आले?

काल रात्री नळाखाली धरलं.
चेपलेल्या फटीतून थोडं पाणी आत गेलं असावं.
तिरकं केलं.
चोचीवर एक थेंब आला, दातांपाशी थांबला,
पडला.
मग बराच वेळ काही नाही.
मी हात हलवला नाही.
मग दुसरा.